सतरावा कोयता

त्या सकाळी तात्यांच्या अंगणात चार घोंगड्या अंथरल्या होत्या आणि आमच्या अंगणात एकही नव्हती. दोन सख्ख्या भावांच्या घरांमधली भिंत कमरेएवढी. आई ओट्यावर बसून रेशनवर मिळालेली लाल मिलो ज्वारी पाखडत होती. तिचं लक्ष सुपात कमी आणि भिंतीपलीकडे जास्त होतं.

"आज बी तिकडंच," ती म्हणाली. "शाळंत बसायला काय झालं हुतं? समितीचं चिटनीस तुमी, वही तुमची, आन् बैठक त्यांच्या दारात."

नाना, माझे वडील, सदऱ्याची बटणं लावत होते. "सरपंच तो आहे."

"व्हय. ते इसरू देतंय का कुनी."

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ चैत्रात आली. दुष्काळी कामावरून आली, टँकरच्या पाण्यातून आली की एखाद्या जत्रेतून, ते कोणालाच कळलं नाही. आठ दिवसांत गावात पाच माणसं गेली. नवव्या दिवशी तालुक्याहून कागद आला. साथीच्या कायद्याखाली बोरटाकळीच्या सरपंचांना तीस दिवसांपुरते अधिकार दिले होते. बाजार बंद करायचा, विहिरीला कुलूप घालायचं, बाहेरून येणाऱ्याला वेशीबाहेर थांबवायचं, आणि कोणाला कधी सोडायचं ते ठरवायचं. जोडीला पाच जणांची साथ समिती. तात्या तिचे अध्यक्ष आणि नाना, शाळेचे हेडमास्तर म्हणून, चिटणीस.

तात्यांनी त्याच संध्याकाळी मारुतीसमोरच्या आडाला कुलूप घातलं. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा कारखान्यांवरून परतत होत्या. त्या सगळ्या गावापासून दोन मैलांवर, पाझर तलावाच्या कामावर घातलेल्या छपरांत अडवल्या. पाच दिवस तिथं राहायचं, सुई टोचून घ्यायची, मग घरी जायचं. त्यानंतर गावात एकही माणूस दगावलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात तात्यांची बाजू पडती वाटेल, आणि ते खरं होणार नाही. नानांबद्दल लिहिताना मला उलट्या बाजूने सांभाळावं लागतं. त्यांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

आज तीस दिवस संपले होते. तालुक्याहून दुसरा कागद आला होता. समितीने पाच सह्यांनिशी शिफारस केली तर अधिकार 'पुढील हुकूम होईपर्यंत' चालू राहणार होते. चार सह्या झाल्यातच जमा होत्या. पाचवी नानांची.

आईचं दुखणं वेगळं होतं. महिन्यापूर्वीपर्यंत बाया आमच्या पायरीशी येत. कोणाचं पत्र वाचून दाखवायचं असे, कोणाच्या पोराचा दाखला हवा असे. आई त्यांना पाणी देई आणि नानांना हाक मारी. त्या हाकेत तिचा सगळा संसार होता. कागद आल्यापासून त्याच बाया आमच्या दारावरून पुढे जात आणि राहीकाकीच्या चौकटीशी उभ्या राहत. "काकी, आमचं मानूस छपरात हाय. सरपंचांस्नी तेवढं सांगा."

काकीने एकालाही सोडवलं नाही. तात्या तिचं ऐकणारेही नव्हते. पण तिला कोणी विचारतंय हेच तिला पुरत होतं. पुष्कळ वर्षांनी तिने मला हे स्वतःच सांगितलं. "वीस वरीस मी तुज्या आयच्या दारातली रांग बघितली," ती म्हणाली. "मास्तरीनबाई. आन् मुक्तावन्सं माहेराला आल्या की पैली भाकर कुनाकडं? तुमच्याकडं. शिकलेल्या भावाकडं. मग आमच्याकडं यायच्या, तवा भूक कुठली ऱ्हातीय."

मुक्ताआत्या त्या दोघांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, आत्याने दोघांना वाढवलं. विधवा झाल्यावर ती सासरीच, चार कोसांवरच्या खडकवस्तीला, दिराच्या घरात राहिली. तिचे वाटेकरी दोन भाऊ होते आणि त्यांच्यात कधीच एकमत झालं नव्हतं की तिचा जीव कोणावर जास्त आहे.

*

"वाच, आसाराम," तात्या म्हणाले.

नानांनी कागद वाचला. त्यांचं वाचन सुरेख होतं. मी आमच्या बाजूने भिंतीला टेकून उभी होते. नगरच्या माझ्या कॉलेजला सुट्टी होती आणि नाना मला अशा वेळी हाकलत नसत.

समितीतल्या वयस्कर बन्सीबाबांनी पानाची चंची उघडली. "झालं की. करा सह्या. उन्हं वर आली."

"मी सही करतो," नाना म्हणाले. "पण 'पुढील हुकूम होईपर्यंत' हे शब्द काढायचे. तिथं आठ दिवस लिहायचं."

"आठ दिसांनी पटकी जाईल व्हय?" तात्यांनी विचारलं.

"नाही गेली तर परत बसू. परत लिहू. दर आठ दिवसांनी आपल्याला एकमेकांसमोर सांगावं लागेल, हे अजून का हवंय."

"आन् त्या आठ दिसांत सही करायला कुनी आलं न्हाई तर? बन्सीबाबा लेकीकडं गेलं, तू नगरला गेलास. वेस उघडी टाकू? पाच मढी मी खांद्यावर नेलीत आसाराम. तुज्या शाळंला सुट्टी हुती तवा."

हा टोला खरा होता. नाना पहिल्या आठवड्यात मला घेऊन नगरला अडकले होते. ते म्हणाले, "म्हणून तर सही करतोच म्हणालो. दुसरं असं, की आठवड्यातून एकदा बाहेरगावच्या माणसानं छपरात जाऊन बघावं. कोण आहे, का ठेवलंय. आपल्यातला नको, आपल्या हाताखालचाही नको."

"म्हंजी माज्यावर पहारा."

"तुझ्यावर नाही. खुर्चीवर."

"खुर्ची कुठं दिसती तुला? घोंगडी हाय." घोंगड्यांवरचे सगळे हसले. काकी आतून हसली ते आईने ऐकलं.

बन्सीबाबांनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. "मास्तर, राग मानू नका. ह्योच कागद तुमच्या नावानं आला आसता, तर तुमी घातली आसती का तारीख?"

"घातली असती," नाना म्हणाले.

ते पटकन म्हणाले, पण त्याआधी एक श्वास गेला होता, आणि तो सगळ्यांनी मोजला. मला तर आणखीही काही माहीत होतं. आदल्या दुपारी त्यांनी या अटींचा मसुदा तीनदा लिहिला होता. पहिल्यात 'सरपंचांच्या मनमानीस आळा बसावा म्हणून' असे शब्द होते. ते मी खोडायला सांगितले. त्यांनी खोडले, पण ज्या जोराने खोडले त्यात कागद फाटला.

गावात दवाखाना यावा म्हणून अकरा वर्षं अर्ज लिहिले नानांनी. साथ येईल, पाणी उकळा, असं पोरांकडून घरोघर सांगितलं नानांनी. आणि कागद आला तो चौथी शिकलेल्या तात्यांच्या, सूर्यभानच्या, नावाने. त्यांच्या अटी बरोबर होत्या. आज कुठल्याही शहाण्या माणसाने त्या घातल्या असत्या. आणि त्या त्यांना सुचल्या, कारण भावाच्या हातातला शिक्का त्यांना बघवत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, आणि मला त्यातली एक काढून दुसरी ठेवता येत नाही.

"खरं काय ते बोल," तात्या आता हळू आवाजात म्हणाले. "तुला तारीख नको. तुला मी नको."

*

तेवढ्यात वेशीकडून कानिफनाथ आला. खडकवस्तीचा, आत्याचा धाकटा दीर. गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेला. दाराबाहेरच थांबला आणि हात जोडले.

"आत येऊ का पाव्हणं? आमच्याकडं आता आजारी कुनी न्हाई. वस्ती मोकळी झाली काल."

"ये की. बस," तात्या म्हणाले. काकीने तांब्याने वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्याला, तोंड पुसलं आणि घोंगडीच्या कडेला टेकला.

"वैनीला न्यायला आलोय. सोमवारी पोरीचं जावळ हाय. म्हन्लं एकोनीस दिस झालं माहेरी, आता पाठवा."

तात्यांनी नानांकडे पाहिलं. नाना तात्यांकडे बघत होते.

"आक्का तुज्याकडं हाय?" तात्यांनी विचारलं.

"माझ्याकडं कशी असेल? ती खडकवस्तीला गेली. हा सुटला त्याच दिवशी."

"माज्यासंगं?" कानिफनाथ म्हणाला. "माज्यासंगं कुठं? चौथ्या दिशी वैनीला ढाळ लागलं. तिला नाल्यापल्याडच्या आजारी छपरात नेलं. पाचव्या दिशी मला पहारेकरी म्हनला, तुमचा कोयता सुटला, तुमी जा. मी इचारलं, वैनी? तर म्हनला, येईल मागनं. म्हन्लं भाऊ सरपंच हाय, दुसरा भाऊ यादी लिव्हतो. भाऊच नेतील घरी."

मी आईकडे पाहिलं. तिचं सूप मांडीवर तसंच राहिलं होतं.

त्या एकोणीस दिवसांत आमच्या घरात आत्याचं नाव निघालंच नव्हतं असं नाही. वहीत कानिफनाथ सुटल्याची खूण पाहून नानांनी दोन दिवस वाट बघितली. आत्या आली नाही. तेव्हा ते आईला म्हणाले, "सरपंचाच्या घरी पाय लावून परस्पर गेली असेल. आता त्यांचे दिवस आहेत." आईने ते मनाशी धरलं. भिंतीपलीकडे काकीने त्याच दोन दिवसांत तात्यांना म्हटलं होतं, "नेहमीसारखी मास्तरांकडं जेवून गेल्या आसत्याल." आणि तात्या त्या दिवशी जेवले नव्हते. कमरेएवढ्या भिंतीवरून एवढंच विचारायचं होतं, आक्का तुमच्याकडं आली होती का. पण विचारणं म्हणजे आपल्याकडे आली नाही हे कबूल करणं. ते कोणालाच जमलं नाही.

"आजारी छपरातनं तालुक्याला किती नेली?" बन्सीबाबांनी विचारलं.

"पाच," तात्या म्हणाले. "दोन परत आली."

"बाकीची?"

तात्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं.

"वही आना," काकी म्हणाली. बायकांनी बैठकीत बोलायची रीत नव्हती, पण तिला कोणी गप्प बसवलं नाही.

वही नानांच्याच मांडीवर होती. त्यांनी ती उघडली. मी भिंतीवरून वाकून बघितलं. फार देखणी वही होती ती. तांबड्या शाईच्या रेघा, सारख्या उंचीची अक्षरं. कोयता एक, कोयता दोन. ऊसतोडीत नवरा-बायको किंवा जे कोणी दोघं मिळून तोडतात, त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाच्या कागदावर त्या जोडीतल्या गड्याचं नाव असतं. बाई त्यात धरलेली असते. कानिफनाथची बायको तान्ह्या पोरीमुळे घरी होती, म्हणून त्या वर्षी आत्या दिराबरोबर तोडायला गेली होती. नानांनी मुकादमाच्या कागदावरून यादी जशीच्या तशी उतरवली होती.

कोयता सतरा. कानिफनाथ, खडकवस्ती. पुढे त्या कोयत्यात कोणी आजारी पडल्याची एक बारीक फुली, आणि फुलीवरून सरळ रेघ मारून, 'सोडला'.

आत्याचं नाव वहीत कुठेच नव्हतं. जिचं नावच नाही, तिला सोडायचं राहिलंय हे कळणार कोणाला?

"कुनी लिहिली ही?" काकीने विचारलं. गावातल्या कुठल्याही पोराने ते अक्षर ओळखलं असतं. तिलाही माहीत होतं. तिला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

"मी," नाना म्हणाले.

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं, ते त्यांनी शेवटच्या आजारात मला सांगितलं, आणि मी न विचारता सांगितलं. "पोरी, मला बरं वाटलं. आक्का जिती हाय का न्हाई ठावं न्हाई, आन् मला आतून बरं वाटलं, की चुकला तर त्यो चुकला." ते बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्या सकाळी मात्र ते म्हणाले, "तारीख पायजे. बाहेरचा मानूस पायजे. आन् सख्ख्या भनीचं नाव लिवायचं ऱ्हायलं."

"मुकादमाच्या यादीत बाईचं नाव नसतं," नाना म्हणाले. "मला ते खटकलं नाही. पंचवीस वर्षं पोरांच्या चुका तांबड्या शाईनं काढतो, आणि महिनाभर रोज ही वही उघडली, मला ती बरोबरच दिसली." त्यांनी वही मिटली. "बन्सीबाबा, मघाशी विचारलंत ते. नसती घातली मी तारीख. माझ्या हातात असतं तर मलाही गरज वाटली नसती."

बन्सीबाबांनी चंची बांधली. "उठा आता," ते म्हणाले.

*

दोन मैलांची वाट. कानिफनाथ पुढे निघून गेला होता. तात्या त्याच्यामागे, सदऱ्याच्या खिशात शिक्का. नाना वही काखेत धरून, आणि मी त्यांच्या मागे. दोघे भाऊ अख्ख्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत, पण मला दिसत होतं की नाना पुढे सरले की तात्या पाय उचलतात आणि तात्या पुढे गेले की नाना. बहिणीपर्यंत आधी कोण पोचतो याचीच ती चढाओढ होती. मला त्या दोघांची शरम वाटली, आणि मीही भराभर चालत होते.

नाल्यापलीकडे छपराभोवती दोरी बांधली होती. पहारेकरी उठून उभा राहिला. छपराच्या सावलीत चार बाया बसल्या होत्या. त्यातली एक परातीत मिलो घेऊन खडे वेचत होती.

आत्या वाळली होती. बाकी तीच होती. तिने वर पाहिलं, कानिफनाथला बघितलं, मग आम्हाला.

"आलात व्हय," ती म्हणाली. "लई दिस लावलं."

तात्या दोरीशीच थांबले. नानाही. आत जायला मी वाकले, तर ती म्हणाली, "थांब बाय. आदी कागुद हुंदे."

"आक्का," तात्या म्हणाले, आणि पहारेकऱ्यावर ओरडले, "ही माजी भन हाय, तुला ठावं न्हाई?"

"ह्याला कशापाई बोलतोस," आत्या म्हणाली. "मी सांगितलं की ह्याला पैल्याच दिशी. त्यो म्हनला, बाई, हितं निम्म्या बाया सरपंचाच्याच भनी हायेत." छपरातल्या बाया हसल्या. पहारेकऱ्याने मान खाली घातली.

"मग निरोप तरी धाडायचा," नाना म्हणाले.

"कुनासंगं? सुई टोचनारा येतो, त्यो म्हनला तुमी बऱ्या झाल्या, पर सोडायचं सरपंचाच्या हातात." तिने परात बाजूला ठेवली. "मग मी म्हन्लं, सूर्यानं हुकूम काढलाय. त्याच्या भनीनंच दोरी वलांडली तर लोक त्याला इचारतील का? बसावं गप. आन् यादी आपला आसा लिव्हतो. त्यो न्हाई चुकायचा. माजं नाव खाली कुठंतरी आसंल, येईल येईल म्हनून बसले."

नाना खाली बघत होते. मी त्यांना शाळेत, घरात, आईच्या आजारपणात, कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण त्यांचे हात असे लोंबलेले कधी पाहिले नव्हते.

"आन् मी एकली न्हाई," आत्या म्हणाली. "ही रतनबाई, दिराच्या कोयत्यात हुती. ही दगडाबाई, हिचा ल्योक सुटून गेला. ही कोपऱ्यातली, ती तर भावकीतल्याबरूबर आली हुती. समद्यांचं असंच झालंय. लिव."

नाना दोरीबाहेर जमिनीवर बसले, वही उघडली आणि एकेकीला पूर्ण नाव विचारलं. स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग गाव. रतनबाईला नवऱ्याचं नाव घेताना लाज वाटली. नाना थांबले, घाई केली नाही. प्रत्येक नावापुढे तात्यांनी शिक्का मारला.

दोरी सोडल्यावर रतनबाई बाहेर आली आणि तात्यांच्या पाया पडली. दगडाबाईही पडली. "सरपंच, देवासारखं आलात." वही घेऊन बसलेल्या माणसाला वळसा घालून त्या गेल्या. नानांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते परत आलं होतं, तेच, आदल्या दुपारी कागद फाडणारं. एवढं होऊनही. मी मान फिरवली.

"चल आक्का, घरी," तात्या म्हणाले.

आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नाना काही म्हणाले असते तर कदाचित ती आमच्याकडे आली असती. पण त्यांना तोंड नव्हतं. ती तात्यांच्या मागून निघाली.

*

आईने पिठलं टाकलं होतं. भिंतीवरून तिने पाहिलं की आत्या काकीच्या चुलीपाशी बसली, पहिली भाकरी काकीने वाढली, आणि काकीने ती वाढताना एकदा आमच्या ओट्याकडे बघितलं. आईने तवा उतरवून ठेवला. "खाऊ दे तिकडं," ती मला म्हणाली. "भुकेली हाय. कुनाची का भाकर आसंना." आणि मग डोळ्याला पदर लावला, तो धुरामुळे असं म्हणून.

घोंगड्यांवर माणसं पुन्हा बसली. नाना कागदावर लिहीत होते.

"लिव तुजं आठ दिस," तात्या म्हणाले. "आन् बाहेरचा मानूस लिव. शेवगावच्या रस्त्याला जो कुनी शाळामास्तर आसंल त्यो. मला चालंल. तुला चालंल का, तुज्या वहीत दुसऱ्या मास्तरानं बोट घातल्यालं?"

"चालेल," नाना म्हणाले. ते त्यांना किती जड गेलं ते मला दिसलं.

आतून आत्याचा आवाज आला. "त्याच्या आदी यादी छपरातच वाचून दावत जा. मोठ्यानं. ज्याचं नाव आलं न्हाई, त्यो हात वर करंल. एवढं सोप्पं."

बन्सीबाबा म्हणाले, "ह्ये कायद्यात कुनी घातलं न्हाई बगा."

"लिव ते बी," तात्या म्हणाले. "आन् एक माजी अट. आज काय झालं आन् कुनामुळं झालं, ते त्यात यायला पायजे. तालुक्याला जानार हाय कागद. सरपंचानं बाई डांबली आसं उद्या कुनी म्हनायला नको."

नाना लिहीत राहिले. झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला कागद वर धरला.

"तू न्हाई," तात्या म्हणाले. "पोरगी वाचंल. लिवनाऱ्यानं वाचू नये, आसं तूच सांगितलंस ना आज?"

कागद माझ्या हातात आला. मी भिंतीवरून पाय टाकून तात्यांच्या अंगणात गेले आणि उभ्याने वाचलं. अधिकार आठ दिवसांपुरते. दर आठ दिवसांनी समितीने कारणे नमूद करून नव्याने ठराव करणे. नावनिशी यादी, स्त्रियांची नावे स्वतंत्र. यादी छपरात मोठ्याने वाचून दाखविणे. परगावच्या इसमाकडून तपासणी. मग शेवटची ओळ. 'कोयत्यांची यादी समितीने मुकादमाच्या कागदावरून तयार केल्यामुळे चार स्त्रिया नोंदीवाचून राहिल्या.'

मी 'समितीने' वाचलं. वाचण्याआधी मला तो शब्द दिसला होता. मला अडखळता आलं असतं, ओळ घाईने संपवता आली असती. नाना माझ्याकडे बघत होते. माझे वडील होते ते. मी जसं होतं तसं वाचलं.

"समितीनं?" तात्या म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "म्या लिहिली यादी? बन्सीबाबांनी?"

कोणी हसलं नाही.

नानांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला, 'समितीने' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, चिटणीस आसाराम यांनी. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरला. मग तो तात्यांना दिला नाही, बन्सीबाबांनाही नाही. तो त्यांनी माझ्याकडे परत दिला.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "पहिल्यापासून. मी काय लिहिलंय ते मला ऐकू दे."